विद्यापीठाचा पाच वर्षांचा आराखडा: 'अध्यापन, आजीवन शिक्षण, विद्यार्थी-स्वास्थ्य' या प्रकरणात लिहायचं काय?

प्रमाण_विचलन

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे.

आमच्या विद्यापीठाचा पुढच्या पाच वर्षांचा धोरणात्मक आराखडा तयार होतोय. संशोधन, इमारती, वित्त ही प्रकरणं ज्यांना हवी होती त्यांनी आधीच उचलली. उरलेलं माझ्या गळ्यात पडलं: अध्यापन, आजीवन शिक्षण आणि विद्यार्थी-स्वास्थ्य. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे 'मॅडमना आकडे जमतात' एवढी पात्रता पुरली. उपसमितीत आम्ही चौघं, त्यातले दोघं फक्त मेलवर 'सहमत' लिहिण्यापुरते.

मागचा आराखडा काढून वाचला. 'अध्यापनात सर्वोच्च दर्जाचा ध्यास', 'आजीवन शिक्षणाची संस्कृती रुजवणे', 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण कल्याणास प्राधान्य'. यातलं एकही वाक्य खोटं ठरवता येत नाही, हीच त्याची अडचण. पाच वर्षांनी कोणी विचारलं, 'झालं का?', तर हो म्हणा, नाही म्हणा, दोन्ही खपतं.

म्हणून या वेळी अध्यक्षांचा आग्रह आहे की प्रत्येक उद्दिष्टापुढे आकडा हवा. पहिला मसुदा असा आलाय: विद्यार्थी-अभिप्रायात शिक्षकांची सरासरी पाचपैकी ४.५. दरवर्षी ५० नवे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम. समुपदेशन कक्षातल्या भेटी पाच वर्षांत निम्म्यावर.

आकडे आहेत, पण हे पाहून मला घाम फुटला. अभिप्रायाचंच घ्या. २०१७ मध्ये उट्ल आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण पुन्हा नीट केलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थी प्रत्यक्ष किती शिकले यांच्यात दखल घ्यावी असा संबंधच सापडला नाही. २०१९ चा हार्वर्डमधला भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा प्रयोग तर आणखी अडचणीचा. ज्या वर्गात विद्यार्थ्यांना स्वतः उदाहरणं सोडवायला लावली तिथे ते जास्त शिकले, पण 'आपण कमी शिकलो' असं त्यांना वाटलं. छान ओघवतं व्याख्यान ऐकलेल्यांचं उलट. म्हणजे ४.५ च्या मागे लागलो तर आम्ही मुलांना कमी शिकवून जास्त खूश करू.

माझे प्रश्न तीन. अध्यापनासाठी कोणता आकडा धरावा, किंवा धरूच नये? आजीवन शिक्षण हे वेगळं उद्दिष्ट ठेवावं का, की ते नेहमीसारखं विस्तार विभागाकडे (बाहेरच्या लोकांसाठी अभ्यासक्रम चालवणाऱ्या) सरकवलं जाईल? आणि स्वास्थ्याबद्दल 'समुपदेशक नेमू, कार्यशाळा घेऊ' याच्या पलीकडे आराखड्यात लिहिण्यासारखं काही असतं का?

सल्ला नको, अनुभव द्या. सल्ले समितीत पुष्कळ आहेत.

---

निवृत्त_परीक्षा_विभाग

मॅडम, नोकरीची बहुतेक वर्षं परीक्षा विभागात गेली, शेवटी काही काळ कुलसचिवांच्या कार्यालयात. असे दोन-तीन आराखडे माझ्या टेबलावरून गेलेत. एकातही मला वेळापत्रक दिसलं नाही. दृष्टी होती, ध्येय होतं, मूल्यं होती. वेळापत्रक नव्हतं.

एक काम करा. आकड्यांच्या आधी करा. दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी डोळ्यांपुढे धरा. त्याचे जे काही पाच-सहा विषय असतील त्यांच्या शिक्षकांकडून सत्राचं नियोजन मागवा आणि सगळ्या तारखा एकाच कागदावर भरा: गृहपाठ, चाचणी, प्रकल्प, सादरीकरण, प्रयोगवही. आम्ही एकदा हा उद्योग केला. सत्राचे पहिले सात आठवडे कागद जवळजवळ कोरा, आणि शेवटून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेन ठेवायला जागा नाही. एकाही शिक्षकाचं काही चुकलं नव्हतं. प्रत्येकाने दोन-तीनच कामं दिली होती. पण सगळ्यांचा अभ्यासक्रम एकाच सुमारास 'पुरेसा शिकवून' होतो, म्हणून सगळ्यांची कामं एकाच सुमारास पडतात. हा ढीग कोणालाच दिसत नाही, कारण तो पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. दिसतो तो फक्त विद्यार्थ्याला.

त्या आठवड्यांत समुपदेशन कक्षात गर्दी होते. त्याच आठवड्यांत नक्कल केलेले गृहपाठ येतात. त्याच आठवड्यांत 'आजकालची मुलं' हे भाषण शिक्षकांच्या खोलीत होतं. एकाच ढिगाची तीन नावं. तुमच्या प्रकरणातली तीन उद्दिष्टंही मला अशीच वाटतात.

श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे शेवटी तास. युरोपातल्या पद्धतीत एका वर्षाचे ६० श्रेयांक, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाचे १५०० ते १८०० तास. एक श्रेयांक २५ ते ३० तासांचा. त्यात वर्ग, वाचन, गृहपाठ, परीक्षेची तयारी, सगळं आलं. कागदावर हे चोख आहे. पण आपल्या विषयाचे तास खरंच तेवढे होतात का हे मोजलेला शिक्षक मी फार थोडा पाहिला. तुम्ही संख्याशास्त्राच्या, तुम्ही मोजा.

(अवांतर: अमेरिकेत तासांवर शिक्षण मोजण्याची रीत बसली ती शिकण्याच्या काळजीपोटी नव्हे. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी निधी दिला. तो कोणत्या संस्थांना लागू करायचा हे ठरवायला काहीतरी माप हवं होतं, त्यातून हे एकक आलं. पेन्शनर म्हणून मी आभारी आहे, पण पाया कशावर उभा आहे ते ठाऊक असलेलं बरं.)

माझ्या मते दोनच वाक्यं लिहा. एक: कोणत्याही आठवड्यात विद्यार्थ्यावरचं काम ठरावीक तासांच्या वर जाणार नाही, आणि हे पाहण्यासाठी प्रत्येक वर्षाला एक जबाबदार माणूस असेल. दोन: आधीचं काम तपासून, शेरे लिहून परत दिल्याशिवाय त्याच विषयातलं पुढचं काम द्यायचं नाही. दुसऱ्या वाक्यावर सभेत आरडाओरडा होईल. होऊ द्या.

---

तिरकस

आकडा लावला की लोक आकडा आणून देतात. मॅरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये ब्रिटिश विद्यापीठांच्या तपासण्यांवर लिहिताना हेच मांडलं होतं: माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही. ५० अभ्यासक्रम मागा, ५० मिळतील. जुनेच अभ्यासक्रम फाडून तुकडे होतील आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र प्रमाणपत्र.

आणि शिक्षकांचं काय? बढतीच्या अर्जात शोधनिबंधांना पानंच्या पानं आणि अध्यापनाला एक रकाना, असं असताना 'अध्यापनात उत्कृष्टता' कोण आणणार? कधी?

---

कक्षातली

विचलन ताई, मी एका विद्यापीठात समुपदेशक आहे. तो भेटी निम्म्यावर आणण्याचा आकडा काहीही करून काढून टाका. तो गाठायला सर्वांत सोपा उपाय म्हणजे आमच्या खोलीला कुलूप.

गंभीर नाही, पण बोलावंसं वाटतंय, अशा अवस्थेत मूल आलं तर ती भेट आमच्या यशात मोजा. वयाचा हिशेबही बघा. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली, असं दिसलं की आयुष्यात कधीही मानसिक विकार झालेल्यांपैकी निम्म्यांची सुरुवात १४ वर्षांपर्यंत आणि तीन चतुर्थांशांची २४ वर्षांपर्यंत झालेली असते. म्हणजे आपल्याकडे येणारी मुलं नेमकी याच वयातली. त्यांची अडचण विद्यापीठाने निर्माण केली असंही नाही आणि विद्यापीठ ती शून्यावर आणेल असंही नाही. ती लवकर लक्षात येणं एवढं आपल्या हातात आहे.

पण ताई, निवृत्त साहेबांनी जे लिहिलं त्याला माझ्या खुर्चीतून दुजोरा देते. माझ्यासमोर बसलेलं मूल आजाराचं नाव घेऊन बोलायला लागत नाही. 'मॅम, मार्गदर्शक सर उत्तरच देत नाहीत.' 'निकाल राखून ठेवलाय, का ते कोणी सांगत नाही.' 'शुल्काचा शेवटचा हप्ता राहिलाय, घरी सांगू शकत नाही.' यातल्या अर्ध्या गोष्टींवर मी श्वासाचे व्यायाम शिकवत बसते, तेव्हा मला माझीच लाज वाटते, कारण उपाय तिसऱ्या मजल्यावरच्या लेखा विभागात असतो.

हे ओळखून काम केलेली उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या लक्षात आलं की काही मुलांची नोंदणी थोड्याशा थकबाकीपायी रद्द होते आणि त्यातली बरीच पदवीच्या तोंडाशी आलेली असतात. २०११ पासून त्यांनी अशा मुलांच्या खात्यात छोटी अनुदानं भरायला सुरुवात केली. मुलाने अर्ज करायची वाट न बघता, स्वतः शोधून काढून. याला कोणी 'मानसिक आरोग्य योजना' म्हणणार नाही. मी म्हणते.

दुसरं उदाहरण व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं. पहिल्या दोन वर्षांत त्यांनी श्रेण्या काढून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवलं. २००९ मध्ये निष्कर्ष आले: विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं आणि परीक्षांतली कामगिरी घसरली नाही. एका कागदी निर्णयाने जे झालं ते दहा कार्यशाळांनी झालं नसतं.

झोपेचंही सांगते, कारण प्रत्येक सत्राच्या शेवटी हा वाद होतो. एमआयटीमध्ये रसायनशास्त्राच्या एका वर्गातल्या मुलांची झोप सत्रभर मनगटी पट्ट्याने मोजली. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. परीक्षेआधीच्या आठवड्यातल्या आणि महिन्यातल्या झोपेचा दिसला. म्हणून 'परीक्षेआधी शांत झोपा' हे पोस्टर लावण्यापेक्षा साहेबांचा तो कागद भरलेला बरा.

आराखड्यात लिहायचंच असेल तर लिहा: पहिल्या बोलण्यासाठी किती दिवस थांबावं लागतं. तातडीच्या वेळी त्याच दिवशी कोणी भेटतं का. आजारपणासाठी सत्र सोडलेलं मूल परत आलं तर त्याला कुठून सुरुवात करावी लागते, कारण 'सगळं पहिल्यापासून' या उत्तरापायी किती जण परतच येत नाहीत. आणि एक विनंती, विभागवार भेटींचे आकडे मागू नका. लहान विभागात 'दोन विद्यार्थी' लिहिलं की नावं लिहिल्यासारखंच होतं.

---

पुन्हा_वर्गात

नमस्कार. मी शिक्षक नाही. कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, वय ४७. गेल्या वर्षी एका विद्यापीठाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला, तर आजीवन शिक्षणावर गिऱ्हाईक म्हणून बोलतो.

प्रवेशअर्जात 'पालकाची सही' हा रकाना सक्तीचा होता. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. माझी मुलगी म्हणाली, 'बाबा, मी करते.' शेवटी तिचीच घेतली.

मग ग्रंथालयाचं कार्ड. ते 'नियमित' विद्यार्थ्यांनाच. कार्यालय चारला बंद, माझी पाळी साडेचारला सुटते. शिकवणाऱ्या बाई मात्र फार चांगल्या होत्या. दर तासाची सुरुवात मागच्या तासांवरच्या पाच प्रश्नांनी करायच्या. गुण नाहीत, वही बंद, आठवून लिहायचं. पहिले काही तास चिडचिड झाली. पण त्यातलं जे आजही कामावर वापरतो ते याच प्रश्नांमुळे डोक्यात राहिलंय.

माझं म्हणणं, ५० अभ्यासक्रम कशाला? आहेत त्यांच्या वर्गात मला बसू द्या. ब्रिटनमधलं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं, १९७१ पासून शिकवायला लागलं, आणि प्रवेशासाठी आधीची पदवी-प्रमाणपत्रं मागितलीच नाहीत. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने २०१८ मध्ये ठरवलं की एकदा प्रवेश घेतला की पुढची २० वर्षं तुम्ही आमचे विद्यार्थी. पदवी मिळाली तरी नातं चालू, पुढे येऊन हवा तो विषय शिका. मला हे आवडलं, कारण यात मला पुन्हा पुन्हा 'नवीन' व्हावं लागत नाही.

आणि मला दहा वर्षं मापनाचं काम येतं, तरी पहिला 'मापनाची ओळख' हा भाग बसून ऐकावाच लागला. येत असलेलं तपासून घ्यायची सोय कुठेच नव्हती. तपासा ना, मी परीक्षा द्यायला तयार होतो.

---

प्रमाण_विचलन

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

तिरकस, स्ट्रॅथर्नबाईंचं वाक्य मी समितीत वाचून दाखवणार आहे. पण त्यावरून 'आकडेच नकोत' इथे मी येणार नाही. आकडा नसला की मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो, हे मी पाहिलंय. आकडा ठेवायचा, फक्त त्यावर बक्षीस-शिक्षा लावायची नाही. बढतीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. नुसतं 'शिक्षकांनी नव्या पद्धती वापराव्यात' लिहून काही होत नाही. पद्धतींबद्दल पुरावा कमी आहे असंही नाही. विज्ञान, अभियांत्रिकी, गणितातले २२५ अभ्यास एकत्र केले तेव्हा (२०१४) निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के निघालं आणि विद्यार्थ्यांना वर्गात काम करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८. तरीही व्याख्यानच चालतं, कारण विषय नव्याने बांधायला लागणारा वेळ कोणी देत नाही. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २००७ पासून जो उपक्रम चालवला त्यात पैसा एकट्या-दुकट्या उत्साही शिक्षकाला न देता विभागांना दिला, विषय बदलायला माणसं दिली. मी हेच मागणार आहे: विषय नव्याने बांधणाऱ्याला त्या सत्रात एक वर्ग कमी.

पुन्हा_वर्गात, तुमच्या बाईंची पद्धत काही त्यांची लहर नव्हती. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग आहे. उतारा परत परत वाचणारे आणि वाचून मग आठवून लिहिणारे असे गट केले. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. बिनगुणांची छोटी चाचणी आणि ओझं वाढवणारी चाचणी यांतला फरक मला प्रकरणात ठळक लिहायचाय, नाहीतर 'स्वास्थ्यासाठी चाचण्या बंद' असा ठराव कोणीतरी आणेल. तुमच्या मुलीच्या सहीची गोष्ट तुमची हरकत नसेल तर बैठकीत सांगते. ५० चा आकडा खोडला. त्या जागी: बाहेरून येऊन एक विषय पूर्ण केलेल्यांपैकी किती जण तीन वर्षांत दुसऱ्या विषयासाठी परतले. आणि येत असलेलं तपासून सूट देण्याची सोय प्रत्येक विभागात. वेगळं प्रकरण नाही, वेगळा विभागही नाही. युनेस्कोने एदगार फोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९७२ मध्येच आजीवन शिक्षण हा सगळ्या शिक्षणाचा पाया मानावा असं सांगितलं होतं, आपण अजून त्याला संध्याकाळची तुकडी समजतो.

कक्षातली, भेटींचा आकडा गेला. तुमचे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे घेतलेत, विभागवार तपशील नाही.

निवृत्त साहेब, कागद भरायला घेतलाय. एका विभागाचा झाला, तुम्ही म्हणालात तसाच. पण आठवड्याच्या तासांवर सरसकट मर्यादा मला पटत नाही. प्रयोगशाळेचे विषय काही आठवडे जड असणारच, आणि वास्तुरचनेसारख्या विषयांत शेवटचा टप्पा दाटच असतो. मर्यादा घातली तर लोक तास कमी दाखवतील, काम तेवढंच राहील. मी असं लिहितेय: सत्र सुरू होण्याआधी तारखांचा एकत्रित कागद विद्यार्थ्यांसमोर जाहीर, आणि एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त मोठी कामं आली तर वर्षप्रमुखाने शिक्षकांना बोलावून हलवायची. शेरे परत दिल्याशिवाय पुढचं काम नाही, हे तुमचं वाक्य तसंच ठेवलंय.

---

निवृत्त_परीक्षा_विभाग

तास कमी दाखवतील, हे खरंय. तुमचा बदल चांगला आहे.

दोन गोष्टी. पहिलं वर्ष फक्त मोजण्यात घालवा, लक्ष्याचा रकाना रिकामा ठेवा. आज शेरे किती दिवसांत परत जातात हेच ठाऊक नसताना 'पंधरा दिवस' लिहिलंत तर तो आकडा हवेतला. अध्यक्ष रिकाम्या रकान्यावर अडतील, तेव्हा 'आधाररेषा वर्ष' असं नाव द्या, चालून जातं.

दुसरं, 'वर्षप्रमुखाने' असं लिहिलंय तिथे थांबू नका. त्याने बोलावलं आणि शिक्षक आले नाहीत तर कोणाकडे जायचं, ते पदनाम लिहा. ते नसेल तर तो कागद नोटीसबोर्डावर राहील आणि ढीग जिथे होता तिथेच.

---

प्रमाण_विचलन

अधिष्ठाता लिहू का?

---

निवृत्त_परीक्षा_विभाग

अधिष्ठाताच. पण मसुदा जाण्याआधी त्यांना एकदा विचारून घ्या. सभेत पहिल्यांदा कळलं तर तेच विरोध करतील.